मांडीवरची नात आणि पट्ट्याची सीट

काही माणसांना गाता येतं, काहींना पोहता येतं, मला रागावता येतं. रांजणगावच्या कंपनीत बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सेफ्टी कमिटीवर. हेल्मेट न घालता कुणी शॉप फ्लोअरवर दिसला की मी असा आवाज काढतो की प्रेस मशीनवरचा माणूस आधी मशीन थांबवतो आणि मग काय झालं ते विचारतो. कंपनीच्या बसमध्ये पट्टा न लावणाऱ्या एकाला मी अर्ध्या रस्त्यात उतरवलेलं आहे, आणि मागच्या काचेतून त्याला टाटाही केलेला आहे. हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात. म्हणजे माझ्या रागात थोडी मजा असते हे मी कबूल करतो. पण गेल्या हिवाळ्यात एका दुपारी शिरूरला आमच्या दारात जो राग आला, त्यात पहिली पाच मिनिटं अजिबात मजा नव्हती.

झालं असं की मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिचं सासर खुटबावला. जावई दौंडला रेल्वेत, आणि ती स्वतः एका खाजगी दवाखान्यात नर्स. मुलगी झाली. तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी विहीणबाई नातीला न्यायला येणार, हे ठरलेलं होतं. आमच्यात तशी रीत आहे. सासू स्वतः येते, पोरगी पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून तिच्या ओटीत देतात, आणि ती गाडीत पुढं, ड्रायव्हरशेजारी बसून नात मांडीवर घेऊन घरी जाते. गाव आलं की काच खाली करून भेटेल त्याला दाखवते. तो तिचा मान. पूर्वी जीप असायची, त्याआधी एसटी, आता चारचाकी आली. मांडी मात्र तीच राहिली.

नात महिन्याची झाली तेव्हा एके सकाळी तिला शेक देता देता मुलगी म्हणाली, "पप्पा, ही मांडीवर जाणार नाही."

"मग काय चालत जाणार?" मी म्हटलं.

ती हसली नाही. "मी कॅज्युअल्टीला ड्यूटी करते पप्पा. गाडीत पुढं मांडीवर बसलेली पोरं मी उचलून घेतलीत. आईला खरचटलेलंही नसतं कधी कधी." मग म्हणाली, "मला सीट पाहिजे. मागं बांधायची. बाळंतविड्यात दुसरं काही देऊ नका. पैंजण नको, पाळणा नको."

मी सेफ्टी कमिटीचा माणूस. माझी मुलगी मला सेफ्टी शिकवत होती आणि मी पायजम्याची नाडी बांधत उभा होतो. त्या क्षणी मी मनात शपथ घेतली की नात खुटबावला जाईल तर पट्ट्यातच जाईल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आधी विहीणबाईंना सांगा, मग शपथा घ्या." बायकोचा हा स्वभाव आहे. मी पडदा उघडला की ती मागची दोरी दाखवते.

विहीणबाईंना सांगायचं काम आम्ही जावयावर सोपवलं. त्यानं ते केलं नाही. हे आम्हाला पुढं कळलं.

खरेदी शिरूरपासून सुरू झाली. बाजारपेठेत लहान मुलांच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे, तिथं मी गेलो आणि म्हटलं, बाळाची कारसीट दाखवा.

दुकानदारानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "सीट कारमधीच येती ओ. वेगळी कशाला घ्यायची?"

"बाळाची."

"बाळाला कशाला सीट? मांडी न्हाई व्हय घरात कुणाला?" आणि त्यानं माळ्यावरून वॉकर काढला. बटण दाबलं की वॉकर गाणं म्हणायचा, पुढच्या बदकाचे डोळे फिरायचे. "ह्यो बघा. फॉरीनचा माल हाय. पोरगं पडत न्हाई ह्याच्यातनं."

"पोरगी दोन महिन्यांची पण नाही. मानही धरत नाही अजून."

"मग झोळी घ्या."

मी त्याला सेफ्टीवर एक छोटं भाषण दिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबून ऐकत होती, त्यामुळं भाषण जरा रंगलं. मी खिडकीच्या काचेवर हात आपटून दाखवला, ब्रेकचा आवाज तोंडानं काढला. शेवटी एक बाई म्हणाल्या, "काका, झोळी घेणार नसाल तर सरका, मला बघू द्या."

मग जावयानं दौंडला एक दुकान शोधलं. रविवारी मी आणि बायको एसटीनं दौंडला गेलो, तो तिथं भेटला. दुकानाच्या काचेत तीन चाकांच्या, चार चाकांच्या, छत्रीवाल्या बाबागाड्या ओळीनं उभ्या होत्या. दुकानदार माणूस हुशार. "ट्रॅव्हल सिस्टीम पाहिजे तुम्हाला," असं तो म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं, की चला, निदान नाव तरी माहीत आहे याला. बाबागाडी आणि सीट एकाच जोडीत. सीट गाडीत बांधायची, उतरलं की तीच उचलून बाबागाडीच्या सांगाड्यावर ठेवायची, टक् असा आवाज आला की बसली. बाळ झोपेतून उठतही नाही. जोड्या दोन होत्या. एक गुलाबी, सोनेरी दांड्याची, आतून मखमल, हँडलला पेला ठेवायची जागा. दुसरी काळी, जड, चेहरा नसलेली.

बायकोनं गुलाबी धरली. "बघा, चहा ठेवता येतो."

"खुटबावला बाबागाडी ढकलत चहा कोण पिणार आहे?"

"मी पिईन. मी जाणार की नाही नातीला भेटायला?"

खरं सांगायचं तर मलाही गुलाबीच आवडली होती. मी सांगाडा दुकानाबाहेर काढून रस्त्यावर ढकलून पाहिला. पहिल्या दहा पावलांत पुढचं चाक गटारावरच्या जाळीत अडकलं. मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत होता, त्यानं असा हॉर्न दिला की मी सोनेरी दांडा सोडून फुटपाथवर चढलो. म्हणजे फुटपाथ असता तर चढलो असतो. चढलो तो मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर. आपल्याकडं बाबागाडी विकायला परवानगी आहे आणि ती चालवायला जागा नाही, याचा मला इतका राग आला की मी ट्रॅक्टरवाल्याला हाका मारल्या. त्यानं मान डोलावून मला नमस्कार केला. त्याला वाटलं असेल ओळखीचे आहेत.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. फोन जावयाच्या हातात, आणि त्यातून तिचा आवाज सगळ्या दुकानात. "बाबागाडीचं राहू द्या. सीट दाखवा. पट्टा दोन्ही खांद्यांवरून येतो का? पायांमधूनही यायला पाहिजे. पाठ ड्रायव्हरकडं, तोंड मागच्या काचेकडं असं बांधता येतं का? पप्पा, ओढून बघा."

गुलाबीचे पट्टे मी ओढले. एका बाजूचा माझ्या हातात आला. दुकानदार म्हणाला, "तो शो पीस आहे, खरा माल गोडाऊनला आहे." मी म्हटलं, "मग खरं बाळही गोडाऊनलाच ठेवतो." काळीचे पट्टे ओढले, माझं सगळं वजन टाकून ओढले, जावई सीट दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. हललं नाही काही. मुलगी म्हणाली, "तीच."

बायको गुलाबीच्या पेल्याच्या जागेकडं शेवटचं बघून बाहेर पडली.

काळ्या सीटसोबत एक जाड पुस्तिका मिळाली. चौदा-पंधरा भाषा, त्यात मराठी नाही. मी दुकानदाराला विचारलं, हे आम्ही वाचायचं कसं? तो म्हणाला, "साहेब, हे कोण वाचतं?" मी वाचलं. आठवडाभर कंपनीच्या चहाच्या सुट्टीत, फोनवर भाषांतर करून, एकेक चित्र बघून वाचलं. पट्टा कुठल्या खाचेतून घालायचा, कुठं ओढायचा, पुढच्या सीटवर ही सीट कधीच ठेवायची नाही कारण समोरची एअरबॅग फुटली तर बाळाला लागते, हँडल कुठं ठेवायचं. घरी आल्यावर सोफ्याला बांधून सराव केला. शेजारचे बघून गेले. कमिटीवरचा माझा मित्र म्हणाला, "तू असा अभ्यास दहावीला केला असतास तर आज मॅनेजर असतास."

नामकरणाला बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि बाळंतविडा मांडला त्यात मधोमध ही सीट. बायकोनं प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं. "सासरी नवं दिसायला पाहिजे," म्हणे. आलेल्या बायकांनी त्या सीटमध्ये टोपडी, झबली, लंगोट ठेवले; एकीनं पेढ्यांचा बॉक्स ठेवला. विहीणबाई त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी सीटला बोट लावलं, म्हणाल्या, "बसायला बरं दिसतंय. अंगणात ठिवू." मला वाटलं त्यांना कळलंय. त्यांना वाटलं ही अंगणातली खुर्ची आहे.

आणि मग तो दिवस.

विहीणबाई सकाळी दहाला आल्या, जावई गाडी घेऊन. पांढरी साडी, नवी, निळ्या काठाची. जेवण झालं. दुपारी निघायचं, म्हणजे न्हावरा, चौफुला करत उजेडात खुटबाव. मुलीनं नातीला तयार केलं, पाजलं. मी सीटचं प्लॅस्टिक समारंभानं फाडलं, बायको डोळे मिटून उभी राहिली, आणि मी सीट घेऊन गाडीकडं निघालो. गल्लीतली चार माणसं जमली होती. मला प्रेक्षक असले की बरं वाटतं. मी मागचं दार उघडलं, सीट ठेवली, तिची पाठ पुढं फिरवली, दाराशेजारच्या खांबावरचा पट्टा ओढला, तो सीटच्या खाचेतून घातला, आणि त्याची चपटी जीभ ज्या बक्कलात घालायची ते बक्कल शोधायला हात खाली घातला.

बक्कल नव्हतं.

मी पलीकडच्या दारानं गेलो. तिकडंही नव्हतं. मधेही नव्हतं. सगळीकडं गुळगुळीत, क्रीम रंगाचं, मरून शिलाईचं रेक्झिनचं सीट कव्हर. हात फिरवला तर खाली कुठंतरी टणक काहीतरी लागत होतं.

"बक्कल कुठाय?" मुलीनं दारातून विचारलं.

"कव्हरखाली हाय," जावई म्हणाला.

"कुणी घातलं कव्हरखाली?"

जावई माझ्याकडं बघेना. तो माझ्या बुटांकडं बघत होता. "मामा," तो शेवटी म्हणाला, "कव्हर तुम्हीच घातलीत ना. लग्नानंतर. भेट म्हणून."

आता हे सांगायला मला आजही जड जातं. शिरूरच्या बायपासजवळ ॲक्सेसरीजचं दुकान आहे. जावयानं गाडी घेतली तेव्हा मी मोठ्या ऐटीत ती तिथं नेली आणि महागातली कव्हरं घालायला सांगितली. फिटर माझ्यासमोर बसला होता, मागच्या सीटवर. त्यानं मला विचारलं, नीट विचारलं: "साहेब, मागची बक्कलं वर काढू का कव्हरातनं? कट मारावा लागंल." आणि मी, सेफ्टी कमिटीचा माणूस, ज्यानं एका कामगाराला बसमधून उतरवून टाटा केला तो मी, म्हणालो, "नको. मागं कोण पट्टा लावतंय? बसणाऱ्याला टोचतात ती. आत ढकल." त्यानं आत ढकलली आणि वरून कव्हर ओढून खालून तारेनं आवळून टाकलं.

मी गल्लीत उभा होतो, कानशिलं तापली होती आणि शिव्या द्यायला समोर कुणी नव्हतं. दुकानदार नाही, ट्रॅक्टरवाला नाही. मी स्वतःवर ओरडलो असतो, पण लोकांना वाटलं असतं की याचं डोकं फिरलं.

विहीणबाई इतका वेळ पायरीवर उभ्या होत्या. त्या खाली उतरल्या, पुढचं दार उघडलं, आत बसल्या, साडी सावरली आणि दोन्ही हात पुढं केले. "आना तिला. कशाला इतका खटाटोप? म्या घेती की मांडीवर."

आणि मी खरं सांगतो, त्या क्षणी सगळ्यांना हायसं वाटलं. जावयाला वाटलं, गल्लीतल्या चार जणांना वाटलं, बायकोलाही वाटलं असेल. मलाही वाटलं. सोपं होतं. कव्हर वाचत होतं, विहीणबाईंचा मान राहत होता, माझी चूक कव्हरखालीच राहत होती. मी तोंड उघडलं होतं, "बरं, आजच्या दिवस..." एवढं म्हणालोही असेन.

मुलगी दारातून हलली नाही. नात खांद्याशी धरलेली. "आई," ती सासूला म्हणाली, "मांडीवर नाही. मी आज येत नाही मग."

गल्लीतली चार माणसं दोन पावलं जवळ सरकली.

"येत न्हाई म्हंजी?" विहीणबाई गाडीतूनच म्हणाल्या. "तीन पोरं वाढवली म्या ह्या मांडीवर. टेम्पोत, बैलगाडीत, एसटीत उभ्यानं. एक बी पडलं न्हाई. माझी मांडी ढिली झाली व्हय? का माझ्या हातावर इश्वास न्हाई तुझा?"

"तुमच्यावर आहे. ब्रेकवर नाही."

"पोरा, तू बोल की!" त्या जावयाला म्हणाल्या. जावयानं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि गाडीचा बॉनेट उघडून इंजिन तपासायला सुरुवात केली. सीटसाठी इंजिन कशाला तपासायचं, हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही.

विहीणबाईंचा हात पुढं तसाच होता. तो मागं घेतला असता तर सगळ्या गल्लीसमोर त्यांचा अपमान झाला असता, आणि नात दिली असती तर माझ्या मुलीचा. मग मला राग आला. खरा राग, पायाच्या अंगठ्यापासून. आणि राग आला की मला नाटक सुचतं.

मी आत गेलो. गिरणीतून आणलेल्या पिठाची पाच किलोची पिशवी स्वयंपाकघरात होती. नातीचं वजन परवाच केलं होतं, तेही तेवढंच. मी ती पिशवी दुपट्यात गुंडाळली, बाहेर आणली आणि विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"नात आहे. घट्ट धरा. जितकी घट्ट धरता येईल तितकी. जावईबापू, बॉनेट पाडा आणि गाडीत बसा."

त्यांना पट्टा लावायला गेलो तर पुढच्या बक्कलात एक खोटी जीभ घातलेली. गाडीनं पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून ओरडू नये यासाठी असली जीभ बाजारात मिळते. मी ती उपटून खिशात टाकली आणि विहीणबाईंना पट्टा स्वतः लावला. प्रात्यक्षिकात माणसाला इजा झालेली कमिटीला चालत नाही. मी मागं बसलो, माझ्याच कव्हरांवर. जावयाला सांगितलं: "गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. सायकलच्या वेगानं. मी थांब म्हटलं की थांबायचं. हळू नाही थांबायचं. कुत्रं आडवं आल्यासारखं."

"मामा, कशाला..."

"चल!"

गाडी निघाली. विहीणबाईंनी दुपट्याभोवती दोन्ही हात आवळले होते. मी मागून बघत होतो, त्यांनी खोटं धरलं नव्हतं. एवढंच नव्हे, त्यांनी हनुवटीही त्या पिशवीवर टेकवली होती, जसं बाळाच्या टाळूवर टेकवतात. मेडिकलपाशी मी ओरडलो, "थांब!"

जावयानं ब्रेक दाबला.

दुपट्यातून पिशवी अशी निघाली की जणू तिला कुणी बोलावलं होतं. विहीणबाईंच्या हातात दुपटं राहिलं. पिशवी समोरच्या डॅशबोर्डवर आपटली, फुटली आणि गाडीत सगळीकडं पीठ. काचेवर पीठ, जावयाच्या मिशांवर पीठ, नव्या निळ्या काठावर पीठ.

मी हसायला हवं होतं. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात यशस्वी नाटक. पण आरशात मला विहीणबाईंचे हात दिसत होते. ते अजून तसेच होते, रिकाम्या दुपट्याभोवती आवळलेले. मला माझीच लाज वाटली. माणसाला पटवायचं म्हणून असं काही हातातून काढून घ्यायचं नसतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि तेव्हा उशीर झाला होता.

पट्टा सोडायला त्यांना जमेना, जावयानं सोडून दिला. त्या खाली उतरल्या, साडी झटकली, आणि मेडिकलपासून आमच्या दारापर्यंत चालत आल्या. मागून आम्ही दोघं गाडी ढकलल्यासारखी हळूहळू आणली. दारात आल्यावर त्या मुलीसमोर उभ्या राहिल्या. नातीकडं बघितलं. मग मागं वळून म्हणाल्या, "कापा."

"आई, कव्हर..." जावई म्हणाला.

"कापा म्हन्ले ना! आन् पाहुणं," हे मला, "माझ्यासंगं बोलू नका आता."

बायकोनं न विचारता कात्री आणली. मी मागच्या सीटवर गुडघे टेकले आणि हातानं चाचपून टणक लागलं तिथं कात्री घातली. क्रीम रेक्झिन, मरून शिलाई, खाली फोम. चांगलं कव्हर होतं. कापताना असा आवाज आला की जावई तोंड फिरवून उभा राहिला. आतून बक्कल निघालं ते नवं कोरं, कारखान्यातून आलं तसं, वर फुटाण्याचं एक साल चिकटलेलं. ते मी शर्टानं पुसलं.

"दुसरं बी," विहीणबाई म्हणाल्या. माझ्याशी न बोलता, हवेत बघून. "मी काय मोकळी बसू? तिच्याजवळ बसायचं हाय मला."

दुसरंही कापलं. दुसरा कट वाकडा गेला.

सीट बांधली. पहिल्यांदा पट्टा पिळला गेला, दुसऱ्यांदा सीट हलत होती, तिसऱ्यांदा मी गुडघ्यानं दाबून ओढली तेव्हा बसली. मुलीनं नातीला ठेवलं, खांद्यांचे पट्टे घातले, पायांमधला लावला, खांद्यापाशी दोन बोटं घालून बघितली. नात उघड्या डोळ्यांनी हे सगळं बघत होती. मग तिनं तोंड उघडलं आणि असा आवाज काढला की माझं रक्त आहे याबद्दल कुणाला शंका उरली नसती. विहीणबाई पलीकडून आत बसल्या, पट्टा लावला, मुलगी पुढं बसली. बाबागाडीचा सांगाडा डिकीत. जावयानं आतून काचेवर ओलं फडकं मारलं. काचेवर लापशी झाली. आणि ते गेले.

मी गल्लीत उभा राहून अजून दहा मिनिटं ओरडत होतो. फिटरला, दुकानदाराला, पुस्तिका छापणाऱ्याला, खोटी जीभ विकणाऱ्याला. खिशातून ती जीभ काढून गटारात फेकली. बायको पायरीवरचं पीठ झाडत म्हणाली, "झालं का? आता स्वतःचं नाव घ्या एकदा, म्हणजे यादी पुरी होईल." मी घेतलं. मोठ्यानं नाही घेतलं.

दोन तासांनी फोन वाजला. मुलगी असेल म्हणून उचलला. विहीणबाई होत्या. त्यांनी मला स्वतःच्या फोनवरून कधीच फोन केला नव्हता.

"पोचलो," त्या म्हणाल्या.

"बरं झालं. विहीणबाई, मी ते पिठाचं..."

"ऐका. न्हावऱ्यापतुर रडली. तवापासनं ती त्या सीटमधी, माझ्याकडं तोंड करून, माझ्याकडं बघत व्हती. एकटक. मला वाटायचं आता घे, आता घे, आन् घेता येत न्हाई. बोट दिलं तिच्या हातात. तेच धरून झोपली. तासभर म्या माझं बोट हलवलं न्हाई. मुंग्या आल्या. ह्ये तुमच्यामुळं."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळंच."

"माझी नात गावात आली आन् म्या काच खाली करून कुणाला दावली न्हाई. लोक इचारत व्हते, कुठाय, कुठाय? मागं बांधलीय म्हनून सांगितलं. बांधलीय! जनावर हाय व्हय ती?"

"चुकलं विहीणबाई."

"पीठ अजून निघतंय साडीतनं."

"तेही चुकलं."

फोनवर दोन श्वास ऐकू येत होते, एक मोठा आणि एक अगदी बारीक.

"आता घेतलीय," त्या म्हणाल्या, एकदम हळू आवाजात, की कुणी उठू नये. "मांडीवर हाय. आता दोन दिस खाली ठिवणार न्हाई म्या. तुमच्या पोरीला सांगून ठिवा. पाजायला तेवढी देईन."

आणि त्यांनी फोन ठेवला.